गोल्फचा पहिला डझन : खान्देशातल्या नवख्यांनी बॉल कसा निवडावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या दुकानात लेदर बॉल हातात घेऊन, शिवण बघून, टेबलावर आपटून घेता येतो. गोल्फ बॉल बहुतेकांच्या घरी कुरिअरनेच येतो, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर सगळे बॉल सारखेच पांढरे दिसतात. त्यामुळे नवखा माणूस दोनपैकी एक चूक हमखास करतो. एक तर टीव्हीवरच्या खेळाडूचा महागडा डझन मागवतो, नाहीतर सगळ्यात स्वस्त 'प्रॅक्टिस बॉल' मागवतो आणि खोक्यातून भोकं पाडलेलं प्लास्टिकचं खेळणं निघतं.

पहिल्या वर्षी बॉलकडून तीनच गोष्टी हव्यात. हरवला तर जीव हळहळू नये, पडल्या जागी दिसावा, आणि दर वेळी तोच बॉल असावा. तिसरी गोष्ट लोक सहज सोडून देतात. रोज वेगळा बॉल मारला तर फटका बदलला की बॉल बदलला, हे कळायला मार्गच उरत नाही.

१. हाताशी काय लागेल

- न पुसला जाणारा मार्कर, शक्यतो दोन रंगांत
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा. नसेल तर ओळखीच्या सराफाकडचा
- व्हर्निअर कॅलिपर. एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे मिळेल
- काचेची रुंद तोंडाची बरणी आणि साधं मीठ
- जुना टूथब्रश, ओलं फडकं
- छोटी वही

वही गमतीने लिहिलेली नाही. कोणत्या दिवशी किती बॉल नेले आणि किती परत आणले, एवढंच तिच्यात लिहायचं. सहा-सात वेळा खेळल्यावर पुढचा डझन कोणता घ्यायचा, हे त्या दोन आकड्यांवरून ठरतं.

२. आधी जागा ठरवा, मग बॉल

अंगण, गच्ची, सोसायटीचं पार्किंग अशा ठिकाणी फक्त फोमचा किंवा जाळीदार प्लास्टिकचा बॉल. खरा गोल्फ बॉल नवख्याच्या ड्रायव्हरवरूनही (सगळ्यात लांब मारणारी गोल्फची काठी, म्हणजे क्लब) ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे सुटतो आणि कुठे जाईल याची हमी मारणाऱ्यालाही नसते. सकाळी लोक फिरायला येतात ते मैदान कितीही मोकळं दिसलं तरी तिथे खरा बॉल काढू नका. जाळी लावून सराव करायचा असेल तर मागे भिंत नको, आणि जाळी ताणून बांधायची नाही, सैल सोडायची. ताणलेल्या जाळीवरून बॉल सरळ तुमच्याकडे परत येतो.

स्वतःचा मळा असेल तर चैन आहे, पण काळ्या जमिनीचे तिचे स्वतःचे नियम आहेत. एप्रिल-मे महिन्यांत कपाशीच्या रानाला अशा भेगा पडतात की ४२ मिलिमीटरचा बॉल आरामात आत उतरतो आणि हात घालूनही लागत नाही. हात घालूही नका, भेगेत काय बसलेलं असेल सांगता येत नाही. दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटलेली असतात तेव्हा शेजारच्या पऱ्हाटीत गेलेला पांढरा बॉल शोधणं म्हणजे कापसात कापूस शोधणं. जमीन नांगरलेली असेल तर बॉल पडतो तिथेच रुततो, उसळी कळतच नाही. सरावाला सगळ्यात बरी जागा म्हणजे काढणी झालेलं, जनावरं चरून सपाट झालेलं रान.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. बादलीत मोजून बॉल न्या आणि मोजून परत आणा. रानात राहिलेला बॉल कुजत नाही. तो कधीतरी कडब्याबरोबर पेंडीत बांधला जातो आणि कुट्टी मशीनच्या पात्यात जातो. पातं तर जाईलच, उडालेला तुकडा मशीनपुढे उभ्या असलेल्या माणसालाही लागू शकतो.

ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावासाठीच्या मैदानावर, बॉल रेंजचाच असतो. तो टिकण्यासाठी बनवलेला, कडक, आणि बऱ्याच ठिकाणी मुद्दाम कमी उडणारा असतो. त्याच्यावरून आपलं अंतर ठरवू नका, आणि एखादा खिशात टाकून घरी आणू नका. रेंजची रेघ मारलेला बॉल पुढे कुठेही ओळखू येतो.

खरा कोर्स खेळायला खान्देशातून पुण्याला किंवा मुंबईकडे जाता येतं : येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, खारघरचा सिडकोचा. जाण्याआधी फोन करून पाहुण्यांना प्रवेश आहे का, हँडिकॅपचा (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला लागतो का आणि ओळखपत्र कोणतं लागेल, हे विचारा. रात्रभर ट्रॅव्हल्सने जाऊन गेटवरून परतणं परवडत नाही. आणि नाशिकला कुणी 'गोल्फ क्लब मैदान' म्हणाला तर बॅग घेऊन तिकडे वळू नका. ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथे क्रिकेट चालतं.

३. बॉलच्या आत काय असतं

नियमाने बॉलचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. जुन्या हिशेबाने चार तोळ्यांना किंचित कमी. पृष्ठभागावर साधारण ३०० ते ५०० खळगे असतात, त्यांना डिंपल म्हणतात. ते शोभेचे नाहीत. त्यांच्यामुळे हवा बॉलला जास्त वेळ चिकटून राहते, मागची ओढ कमी होते आणि उलट्या फिरकीमुळे बॉल वर उचलला जातो. तोच बॉल गुळगुळीत केला तर जेमतेम निम्म्या अंतरावर पडेल. म्हणून डिंपलमध्ये वाळलेला चिखल घेऊन बॉल मारायचा नसतो.

आतल्या रचनेचे ढोबळ दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

टू-पीस : मध्ये रबरी गोळा आणि वर आयोनोमर नावाच्या प्लास्टिकचं कडक कवच. या कवचाला लोक सर्रास सर्लिन म्हणतात, ते खरं तर एका कंपनीचं व्यापारी नाव आहे. हा बॉल फिरकी कमी घेतो, टिकतो आणि स्वस्त असतो.

थ्री-पीस आणि पुढचे : गोळा आणि कवच यांच्यामध्ये आणखी एक किंवा जास्त थर. महाग बॉलमध्ये वरचं कवच युरेथेनचं असतं. ते मऊ असतं, वेजच्या (जवळून उंच मारायच्या क्लबच्या) खाचांत पकड घेतं, आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पडलेला बॉल दोन टप्प्यांत थांबतो.

दुकानदार थरांची संख्या सांगतात, पण खरा फरक कवचाचा आहे. थ्री-पीस असूनही आयोनोमरच्या कवचाचे बॉल बाजारात आहेत. ते 'तीन थरांचे' म्हणून जास्त दराला विकले जातात, आणि ग्रीनजवळ त्यांच्याकडून युरेथेनसारखी पकड मिळत नाही. तेव्हा वर्णनात थर मोजण्याआधी कवच कशाचं आहे ते वाचा.

युरेथेनचा फायदा घ्यायचा तर बॉलचा मधोमध, स्वच्छ, खाली उतरणारा फटका लागतो. नवख्याचा अर्धा फटका जमिनीवर आणि अर्धा बॉलच्या डोक्यावर बसतो. तिथे युरेथेन काही करत नाही, फक्त कापलं जातं. मुरमाड जमिनीवरून मारलं तर एका दुपारीत त्याला सालं निघतात.

४. खोक्यावर काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं

बॉलवरचा १, २, ३, ४ हा आकडा दर्जाचा नाही. चौघे एकाच कंपनीचा बॉल खेळत असतील तर कोणाचा कोणता हे कळावं, एवढ्यासाठीच तो असतो. एका डझनात तीन-तीन बॉलच्या चार स्लीव्ह येतात आणि बहुधा प्रत्येक स्लीव्हचा आकडा वेगळा असतो. 'एक नंबरचा बॉल भारी' असं कोणी सांगितलं तर चहा पाजा आणि विषय बदला.

कॉम्प्रेशन म्हणजे दाबल्यावर बॉल किती दबतो त्याचं माप. साधारण ३५ ते ६५ मऊ, ७० ते ८५ मधला, ९० च्या पुढे कडक. हा आकडा खोक्यावर बहुतेक वेळा छापलेलाच नसतो, 'सॉफ्ट' एवढा शब्द असतो. आणि बोटांनी दाबून तो कोणालाच कळत नाही.

'भो, तुझा हात हळू आहे, सॉफ्ट घे, लांब जाईल' हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यात अर्धंच खरं आहे. मऊ बॉल हाताला बरा लागतो, आवाज दबका येतो, चुकीच्या फटक्यात मनगटाला झिणझिण्या कमी येतात. पण मऊ आहे म्हणून तो जास्त वेगाने सुटत नाही. उलट, जास्त दबणारा बॉल क्लबच्या फळीवरून थोडा हळूच सुटतो. त्याची फिरकी कमी असते म्हणून काहींना तो सरळ आणि चांगला जातोय असं वाटतं, आणि ते वाटणं चुकीचंही नाही. तेव्हा मऊ की मधला हे हाताच्या आवडीवर ठरवा. त्यात अंतराचा हिशेब आणू नका.

'स्लाइस कमी करणारा' असं लिहिलेल्या बॉलबद्दलही तेच. कमी फिरकीच्या बॉलमुळे उजवीकडे वळणारा फटका थोडा कमी वळतो. पंचवीस मीटर वळणारा वीस मीटर वळेल, पण बांधापलीकडचा बॉल काही फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) येणार नाही. ते काम बॉलचं नाही, मुठीच्या पकडीचं आहे. काही बॉल डिंपलची रचना अशी करतात की वळणच दबतं. त्यांतले काही नियमात बसत नाहीत, स्पर्धेत चालत नाहीत.

५. हरवण्याचा हिशेब मांडा

समजा टू-पीसचा डझन १,८०० रुपयांना पडला. एक बॉल १५० रुपयांचा झाला. नवखा माणूस नऊ होलमध्ये (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा एक टप्पा) चार बॉल सहज घालवतो, म्हणजे ६०० रुपये पाण्यात, बहुतेक वेळा शब्दशः पाण्यात. त्याजागी तिप्पट किमतीचा बॉल असता तर १,८०० गेले असते. दर तुम्हाला मिळतील तसे घाला, गणित हेच राहील.

पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच असतं. महाग बॉल समोर असला की तळ्यावरून मारताना हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताचा बॉल तळ्यातच जातो. त्यामुळे 'पाण्यावरून मारताना जुना बॉल काढायचा' ही सवयही लावून घेऊ नका. खिशातले सगळेच बॉल सारखे असले की तो विचारच येत नाही.

६. पहिला डझन कोणता

टू-पीस, आयोनोमर कवच, मऊ ते मधलं कॉम्प्रेशन, नावाजलेल्या कंपनीचा. कॅलवे सुपरसॉफ्ट, स्रिक्सॉन सॉफ्ट फील, टायटलिस्ट ट्रूफील, विल्सन ड्युओ सॉफ्ट हे सगळे याच जातीतले. यांच्यात रात्रभर तुलना करत बसण्याएवढा फरक नवख्याच्या हातात दिसत नाही. ज्याचा भाव त्या आठवड्यात कमी, तो घ्या. डेकॅथलॉनच्या इनेसिसचे साधे बॉलही चालतात, आणि पुण्या-मुंबईच्या फेरीत ते हातात घेऊन बघता येतात.

टायटलिस्ट प्रो व्ही१ वर्षानुवर्षं मोठ्या स्पर्धांत खेळला जातो, २००० पासून. बॉल उत्तमच आहे. तुमचं काम त्याच्याशी अजून पडलेलं नाही, एवढंच.

एकदम तीन डझन घेऊ नका. एक डझन घ्या, सहा-सात वेळा खेळा, मग तो हाताला बसला असेल तर त्याच नावाचा दुसरा डझन घ्या. कंपन्या एकाच नावाखाली दर दोन-तीन वर्षांनी बॉल बदलतात, म्हणून खोक्याचा फोटो मोबाइलमध्ये राहू द्या.

७. कुरिअर आल्यावर

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मग ही तपासणी करा, दहा मिनिटं लागतात.

मोजा. 'गोल्फ बॉल पॅक' असं लिहून एक स्लीव्ह, म्हणजे तीनच बॉल पाठवणारे विक्रेते आहेत. फोटो डझनाचा, वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरात तीनचा आकडा. मागवण्याआधी नग किती ते वाचलं की हा प्रश्न उरत नाही.

वजन करा. नामांकित कंपनीचा नवा बॉल ४५ ते ४५.९ ग्रॅमच्या आत भरतो. जळगावच्या सराफ बाजारात काट्यांची वाण नाही, दुकानात गर्दी नसेल तेव्हा डझनभर बॉल पाच मिनिटांत तोलून होतात. आकडा ४२-४३ आला तर नियम मोडत नाही, कारण नियमात फक्त वरची मर्यादा आहे, पण 'ब्रँडेड' म्हणून घेतलेला बॉल एवढा हलका भरला तर शंका घ्या. ४६ च्या वर भरला तर तो परतच करा.

व्यास मोजा. व्हर्निअरचे जबडे सपाट लागले पाहिजेत, टोकं डिंपलमध्ये गेली तर आकडा चुकीचा कमी येतो. तीन-चार जागी मोजून मोठा आकडा धरा. घरातल्या जुन्या सामानात मिळालेला बॉल ४१ च्या आसपास भरला तर तो जुन्या छोट्या मापाचा असू शकतो. ४१.१५ मिलिमीटरचा बॉल पूर्वी ब्रिटिश नियमांत चालायचा, १९९० पासून तो बाद झाला.

छपाई बघा. नखाने खरवडल्यावर अक्षर निघालं, दोन अर्धगोलांच्या सांध्याची कड हाताला लागली, किंवा डझनातल्या बॉलांचा पांढरा रंगच एकमेकांशी जुळत नसेल तर माल संशयास्पद आहे. स्पर्धा खेळायची असेल तर आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांची मान्य बॉलांची यादी त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत बघता येते. बॉलवर काय काय छापलेलं असतं तेही तिच्यात लिहिलेलं असतं. मळ्यातल्या सरावाला ही यादी उघडायची गरज नाही.

८. जुने बॉल घ्यायचे असतील तर

कोर्सवर कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) आणि ऑनलाइन विक्रेते वापरलेले बॉल विकतात. सरावाला हा सगळ्यात शहाणपणाचा सौदा आहे, फक्त दोन शब्दांतला फरक ओळखा. 'रीसायकल्ड' म्हणजे सापडलेला, धुतलेला, प्रतवारी केलेला बॉल. 'रिफर्बिश्ड' म्हणजे वरचा थर काढून पुन्हा रंगवलेला. रंगामुळे डिंपलची खोली बदलते आणि आतल्या चिरा झाकल्या जातात. रंगवलेला बॉल घेऊ नका, मग त्यावर कोणतंही नाव छापलेलं असो. नव्या बॉलइतका चकचकीत, पण अक्षरं किंचित जाड किंवा पुसट दिसत असतील, तर तो रंगवलेला समजा.

तळ्यात किती दिवस होता हे विक्रेत्यालाही माहीत नसतं. बराच काळ पाण्यात राहिलेला बॉल आतून पाणी धरतो आणि कमी जातो. कवचावर पिवळट-करडी झाक असेल, ब्रशने घासूनही जात नसेल, तर तो बाजूला काढा. ओरखडे चालतील, चीर चालणार नाही. चीर बघायला बॉल उन्हात तिरपा धरून अंगठ्याच्या नखाने चारी बाजूंनी फिरवा. नख अडकलं की समजायचं.

मिठाची चाचणीही करता येते. गोल्फ बॉल साध्या पाण्यात बुडतो. बरणीत पाव लिटर पाणी घेऊन त्यात ६० ते ६५ ग्रॅम मीठ ढवळा, म्हणजे बॉल वर येतो. आला नाही तर चमचाभर मीठ वाढवा. तरंगल्यावर वरच्या टोकाला मार्करचा ठिपका द्या. बोटाने बॉल गरकन फिरवा आणि थांबू द्या, असं पाच वेळा करा. पाचही वेळा तोच ठिपका झटकन वर आला तर बॉल एका बाजूला जड आहे, पटिंगला (ग्रीनवर भोकाकडे घरंगळवायला) नको. ठिपका कुठेही थांबत असेल तर बॉल ठीक. नंतर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर डिंपलमध्ये मीठ बसतं. नव्या नामांकित बॉलला ही चाचणी लागत नाही, पण जुन्या बॉलांची बादली घेतली असेल तर रविवारची सकाळ चांगली जाते आणि घरातली पोरंही मदतीला येतात.

'एक्स-आउट' म्हणजे छपाईत किंवा दिसण्यात खोट निघाली म्हणून नावावर फुल्या मारून स्वस्तात विकलेला बॉल. सरावाला चालतो. स्पर्धेत समितीने मान्य यादीची अट घातली असेल तर चालणार नाही.

९. रंग

पावसाळ्यात आणि हिरव्या गवतावर पांढरा किंवा पिवळा. होळीनंतर गवत वाळून पिवळं पडतं तेव्हा पिवळा बॉल हरवतो, नारिंगी किंवा गडद गुलाबी घ्या. उघड्या काळ्या मातीवर पांढरा सगळ्यात उठून दिसतो, फक्त शेजारी फुटलेली कपाशी नको. लाल-हिरव्या रंगांत गोंधळ होत असेल तर लाल-नारिंगी टाळा, गवतात तो बॉल डोळ्यांसमोर असून सापडत नाही. चमक नसलेले, मॅट रंगाचे बॉल कडक उन्हात डोळ्याला बरे, पण त्यांचा रंग लवकर मळतो.

१०. ऊन आणि थंडी

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि उन्हात उभ्या गाडीची बंद डिक्की त्याहून खूप तापते. एका दुपारीने बॉल बाद होत नाही, पण अख्खा उन्हाळा बॉल डिक्कीत ठेवायचे नाहीत. घरात सावलीला, कोरड्या डब्यात ठेवलेला न वापरलेला बॉल वर्षानुवर्षं टिकतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, त्याने काही फायदा नाही.

गरम हवा विरळ असते म्हणून उन्हाळ्यात बॉल थोडा लांब जातो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा तोच फटका काही यार्ड आधीच पडतो. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर, तेव्हा १५० यार्ड म्हणजे सुमारे १३७ मीटर. थंडीत अंतर घटलं की लगेच बॉलला दोष देऊ नका, एक क्लब मोठा घ्या. पण बॉल मुद्दाम तापवून खेळायला नियमाने बंदी आहे, शेकोटीजवळ ठेवून तर नाहीच.

११. दोन बॉलांत निवड करायची असेल तर ग्रीनपासून सुरुवात करा

दुसऱ्या डझनाच्या वेळी दोन-तीन नावं मनात असतात. प्रत्येकाची एक स्लीव्ह घ्या. सगळे जण ड्रायव्हरने मारून बघतात, आणि तिथेच चुकतात. १८ होलमध्ये ड्रायव्हर जेमतेम चौदा वेळा निघतो, पारच्या (ठरवून दिलेल्या फटक्यांच्या) हिशेबात पट, म्हणजे ग्रीनवरचे घरंगळते फटके, मात्र ३६ धरलेले असतात.

आधी दोन मीटरवरून पट. आवाज आणि फळीवरचा स्पर्श कोणता आवडतो ते बघा. हे घरात सतरंजीवरही जमतं. मग ग्रीनपासून वीस पावलांवर उभे राहा, तिन्ही नावांचे मिळून नऊ बॉल मिसळून टाका आणि नाव न बघता एकाच वेजने मारा. कोणता कुठे थांबला ते पावलांनी मोजून वहीत लिहा, निदान तीन फेऱ्या करा. त्यानंतर सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), आणि शेवटी ड्रायव्हर. एका नावाचे बॉल जवळजवळ थांबत असतील आणि दुसऱ्याचे इकडे-तिकडे, तर निवड झाली. सगळेच इकडे-तिकडे असतील तर बॉलचा प्रश्न नाही, स्वस्त तोच घ्या.

१२. कोर्सवर नेताना

नऊ होलला आठ ते दहा बॉल पुरतात. प्रत्येकावर घरूनच स्वतःची खूण करा, दोन ठिपके, एक रेघ, काहीही. दोघांचाही 'कॅलवे ३' निघाला आणि खूण नसली की आपला कोणता हे सिद्ध करता येत नाही, आणि ओळखता न आलेला बॉल नियमाने हरवलेलाच धरतात. शोधायला तीन मिनिटं मिळतात. बॉल हरवल्यासारखा वाटला तर पुढे जाण्याआधी सोबत्यांना सांगून 'प्रोव्हिजनल', म्हणजे तात्पुरता दुसरा बॉल मारा, आणि तो वेगळ्या आकड्याचा किंवा वेगळ्या रंगाच्या खुणेचा असू द्या. दुसरा मार्कर त्यासाठीच सांगितला होता.

होल सुरू असताना बॉल चिरला किंवा तडकला तर बदलता येतो, नुसता ओरखडा किंवा रंग गेला म्हणून नाही. एक होल संपून दुसरा सुरू होताना मात्र हवा तो बॉल घ्या. पावसाळ्यात चिखल लागलेला बॉल ग्रीनवर खूण ठेवून उचलून पुसता येतो, फेअरवेवर मनाला येईल तेव्हा नाही. त्या दिवशी वेगळा स्थानिक नियम लावलाय का, हे पहिल्या टीवरच (जिथून पहिला फटका मारतात तिथे) विचारा. चिखल डाव्या बाजूला असेल तर बॉल बहुधा उजवीकडे वळतो आणि उजवीकडे असेल तर डावीकडे. अशा वेळी निशाणा थोडा सरकवा आणि अर्धाच फटका मारा.

१३. युरेथेनकडे कधी वळायचं

वही काढा. लागोपाठ पाच वेळा १८ होलमध्ये दोनपेक्षा कमी बॉल हरवले, आणि वेजने मारलेला चांगला फटका ग्रीनवर पडूनही पुढे घरंगळत बाहेर जातोय, असं झालं की युरेथेनची एक स्लीव्ह आणा. डझन नको, तीनच. अकराव्या पायरीवरची वेजची चाचणी तिच्यासह पुन्हा करा. फरक पावलांत दिसला तर बदला, नाही दिसला तर आहे तो बॉल आणखी एक हंगाम चालवा.

आणि मळ्यातून आल्यावर बॉल तसेच बादलीत टाकून ठेवू नका. काळी माती ओली असताना फडक्याने निघते. वाळली की डिंपलमध्ये सिमेंटसारखी बसते, मग कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून टूथब्रशने एकेक खळगा घासावा लागतो.